वाचक विचारतात : अल्फा-गॅलची ॲलर्जी आणि पाकिटातला गोड खाऊ

अन्नाच्या ॲलर्जीविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गोचिडीच्या चाव्यानंतर होऊ शकणाऱ्या, सस्तन प्राण्यांच्या मांसाच्या ‘अल्फा-गॅल’ या ॲलर्जीचे नाव अलीकडे वारंवार येऊ लागले आहे. मांस बंद करायचे, एवढे या वाचकांना डॉक्टरांनी सांगितलेले असते आणि ते त्यांना पटलेलेही असते. त्यांची खरी अडचण सुरू होते ती गोळ्या, चॉकलेटे, बिस्किटे आणि आइस्क्रीम यांच्यापाशी, जिथे मांस कुठेच दिसत नाही. अशी बरीच पत्रे साठल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी गोचीड चावली होती. त्यानंतर दोन-तीनदा मध्यरात्री तिच्या सर्वांगावर गांधी उठल्या, पोटात मुरडा आला आणि एकदा धापही लागली. रक्ततपासणीत अल्फा-गॅलची ॲलर्जी निघाली. घरातले मांस बंद करणे आम्हाला जड गेले नाही, पण तिला चघळायच्या गोळ्या आणि मार्शमेलो फार आवडतात. पाकीट हातात घेतले की त्यावरची निम्मी नावे मला कळत नाहीत. नेमके काय शोधावे?

उत्तर : घटकसूची वाचायला घेण्याआधी आपण शोधतो आहोत ते काय, हे एकदा स्पष्ट करून घेतले तर पुढचे काम बरेच हलके होते. अल्फा-गॅल हे गॅलॅक्टोज-अल्फा-१,३-गॅलॅक्टोज या शर्करेचे संक्षिप्त नाव आहे. माणूस, मानवसदृश वानर आणि आशिया-आफ्रिकेतील माकडे वगळता बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या शरीरात ही शर्करा असते. पक्षी आणि मासे यांच्यात ती सहसा आढळत नाही. काही जातींच्या गोचिडींच्या लाळेतही ती असते. गोचीड चावल्यावर काही माणसांचे शरीर या शर्करेविरुद्ध आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे तयार करते, आणि पुढे गाय, म्हैस, डुक्कर, शेळी, मेंढी यांच्यापासून आलेला एखादा पदार्थ पोटात गेला की तीच प्रतिपिंडे जागी होतात. म्हणून यादीतील प्रत्येक घटकाला विचारायचा प्रश्न एकच : हा सस्तन प्राण्यापासून आला आहे का? तो शाकाहारी आहे का, नैसर्गिक आहे का, आरोग्यदायी आहे का, हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे आपल्या मुलीच्या उपयोगाची नाहीत.

गोड पदार्थांत सर्वप्रथम शोधायचे नाव म्हणजे जिलेटिन. डुकरांची आणि गुरांची कातडी व हाडे यांच्यातील कोलॅजन या प्रथिनापासून ते काढले जाते आणि गमी (चघळायच्या मऊ गोळ्या), मार्शमेलो, जेली, काही चिवट टॉफ्या, मूस, थरांचे थंडगार केक, साखरेचा मुलामा दिलेली न्याहारीची तृणधान्ये, इतकेच काय, दाबून केलेल्या काही पुदिन्याच्या वड्या यांतही ते वापरतात. खारवलेल्या भाजक्या शेंगदाण्यांवर मीठ चिकटून राहावे म्हणूनही काही ठिकाणी ते लावलेले असते. युरोपीय संघाच्या नियमांत जिलेटिनला मिश्रक न मानता खाद्यपदार्थ मानले जाते, त्यामुळे त्याला ई-क्रमांक, म्हणजे मिश्रकांना दिलेला आणि पाकिटावर छापला जाणारा क्रमांक, नाही. जे वाचक केवळ क्रमांक पाहून पाकीट पारखतात त्यांच्या नजरेतून ते हमखास निसटते. ‘बीफ जिलेटिन’ किंवा ‘पोर्क जिलेटिन’ असे लिहिले असेल तर प्रश्नच मिटला. नुसते ‘जिलेटिन’ लिहिले असेल तर ते सस्तन प्राण्याचेच आहे असे धरून चालावे. माशांपासूनही जिलेटिन काढतात आणि ते आपल्या मुलीला, माशांची वेगळी ॲलर्जी नसल्यास, सहसा चालेल. पण ते माशांचे आहे असे पाकिटावर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. अलीकडे खाऊच्या वड्यांत आणि पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बारमध्ये कोलॅजन किंवा ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजन’ हे नावही दिसते. ते जिलेटिनचेच भावंड आहे आणि त्याला तोच न्याय लावावा.

येथे प्रमाणाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावरून पुष्कळ गैरसमज होतात. औषधाच्या सर्वसाधारण आकाराच्या रिकाम्या जिलेटिन-कॅप्सूलचे वजन साधारण ०.१ ग्रॅम असते, तर १०० ग्रॅम गमीमध्ये ६ ते ९ ग्रॅमपर्यंत जिलेटिन असू शकते. एखाद्या रुग्णाला कॅप्सूल बाधली नाही म्हणून गमीचे आख्खे पाकीट चालेल असा निष्कर्ष निघत नाही, हे या दोन आकड्यांवरून लक्षात यावे. मांसाच्या तुलनेत जिलेटिनमध्ये अल्फा-गॅल कमी असते आणि काही रुग्णांना त्याचा त्रास होतही नाही. तरीही ज्या मुलीला एकदा धाप लागलेली आहे तिच्या बाबतीत हा प्रयोग घरी करू नये, असे मी ठामपणे सांगेन.

दुसरा गट चरबीचा. बिस्किटे, पेस्ट्री आणि पाय यांच्या पिठात लार्ड म्हणजे डुकराची चरबी, टॅलो किंवा स्युएट म्हणजे गुरामेंढरांची चरबी, किंवा मोघमपणे ‘प्राणिज चरबी’ असे लिहिलेले आढळते. चरबी जास्त असलेल्या पदार्थांनी त्रास अधिक वेळा आणि अधिक तीव्र होतो, असा या आजाराचा अनुभव आहे, त्यामुळे हे शब्द दिसताच पाकीट खाली ठेवावे. ‘वनस्पती चरबी’, ‘पाम तेल’, ‘कोको बटर’ यांची भीती नाही. कोको बटर हे नाव ऐकून लोणी वाटते, पण ते कोकोच्या बियांतील तेल आहे.

तिसरा गट संदिग्ध नावांचा आहे. ग्लिसरीन किंवा ग्लिसरॉल (४२२), फॅटी ॲसिडांचे मोनो व डायग्लिसराइड (४७१), स्टिअरिक ॲसिड (५७०) आणि मॅग्नेशियम स्टिअरेट (४७०बी) हे वनस्पती-तेलापासूनही तयार होतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, आणि दोन्हींचे नाव एकच असते. अशा शुद्ध केलेल्या घटकांच्या अल्प मात्रेने बहुतेक रुग्णांना काही होत नाही. अतिशय संवेदनशील असलेले रुग्ण मात्र तेही टाळतात. आपली मुलगी कोणत्या प्रकारात मोडते हे तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पहिल्याच दिवशी सगळे काही वर्ज्य करून मुलीला भुकेले आणि धास्तावलेले ठेवू नये. आधी जिलेटिन आणि चरबी पूर्ण थांबवावी. तेवढ्याने तिचा त्रास थांबला तर पुढे जाण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी अनेक पालकांना उशिरा कळते. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘यात अमुक अमुक आहे’ अशी ॲलर्जीची जी सूचना असते, तिच्यावर या आजारात विसंबता येत नाही. अमेरिकेच्या कायद्यात नऊ ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद सक्तीची आहे : दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, झाडांची कवचफळे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ. युरोपीय संघाच्या यादीत असे चौदा पदार्थ आहेत. सस्तन प्राण्यांचे मांस, चरबी किंवा जिलेटिन या दोन्ही याद्यांत नाही. सूचनेची चौकट कोरी असली तरी आत जिलेटिन असू शकते. एका बाबतीत मात्र ही चौकट मदत करते : मासे दोन्ही याद्यांत असल्यामुळे गमीतील जिलेटिन माशांचे असेल तर तिथे माशांचा उल्लेख सापडतो.

प्रश्न : मला अल्फा-गॅल आहे. मी खबरदारी म्हणून ‘व्हीगन’ असे छापलेले मार्शमेलो आणले, तरीही चार-पाच तासांनी अंगाला खाज सुटून गांधी उठल्या. व्हीगन म्हणजे प्राणिज काहीच नाही ना? मग मला फसवले गेले का?

उत्तर : आपल्याला कोणी फसवलेले नसण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि म्हणूनच आपले पत्र मला महत्त्वाचे वाटते. ते पाकीट अजून जवळ असेल तर घटकसूचीत कॅराजीनन हा शब्द, किंवा ४०७ अथवा ४०७ए हा क्रमांक आहे का, ते पाहावे. कॅराजीनन हा लाल समुद्री शेवाळापासून काढलेला, पदार्थाला घट्टपणा आणणारा घटक आहे. तो पूर्णपणे वनस्पतीसदृश आहे, त्यामुळे व्हीगन शिक्का खोटा ठरत नाही. पण त्याच्या लांब साखळीत गॅलॅक्टोजचे रेणू ज्या पद्धतीने एकमेकांना जोडलेले असतात, त्यात अल्फा-गॅलमधील जोडणीही येते. सर्व रुग्णांना कॅराजीननचा त्रास होत नाही, पण काहींना होतो, आणि दुर्दैवाने जिलेटिन काढून टाकलेल्या मार्शमेलोंत, वनस्पतीजन्य दुधाच्या आइस्क्रीममध्ये आणि डब्यातल्या पुडिंगमध्ये जिलेटिनची जागा बहुतेक वेळा हाच घटक घेतो. प्राणिज पदार्थ टाळण्यासाठी म्हणून जो माणूस या पदार्थांकडे वळतो, त्याच्याच वाट्याला तो जास्त येतो.

म्हणून घट्टपणासाठी काय वापरले आहे, हे प्रत्येक वेळी पाहण्याची सवय लावावी. पेक्टिन (४४०), गम अरेबिक (४१४), झँथन गम (४१५), ग्वार गम (४१२), लोकस्ट बीन गम (४१०), जेलन गम (४१८) आणि निरनिराळे स्टार्च यांवर घट्ट केलेल्या गोळ्या या दृष्टीने निवडण्याजोग्या आहेत. अगर-अगर (४०६) हेही लाल शेवाळाचेच, पण त्याच्या साखळीतील प्रत्येक दुसरा घटक वेगळ्या घडणीचा असल्याने ते सहसा चालते. पेक्टिनच्या गमीचा पोत थोडा वेगळा लागतो, दातांखाली त्या रबरासारख्या ताणल्या न जाता तुटतात. काही दिवसांत जीभ त्याला सरावते.

याच ओघात इतर शिक्क्यांविषयीही सांगतो. ‘कोशर’ (ज्यू धर्माचा) आणि ‘हलाल’ (इस्लामचा) हे शिक्के प्राणी कोणता आणि त्याचा वध कोणत्या नियमाने झाला याविषयी असतात. सस्तन प्राण्यापासून काही घेतलेले नाही, असा त्यांचा अर्थ होत नाही. हलाल गमीतील जिलेटिन बहुधा गुरांचे असते. कोशर गमीतील जिलेटिन माशांचेही असू शकते आणि नियमाप्रमाणे कापलेल्या गुरांचेही. उलट दिशेनेही शिक्का दिशाभूल करतो : अंडी, मध आणि मेण असलेला पदार्थ व्हीगन ठरत नाही, पण अल्फा-गॅलच्या रुग्णाला त्याने काही अपाय होण्याचे कारण नसते. शिक्के छापणाऱ्यांनी ते आपल्यासाठी छापलेलेच नाहीत, हे एकदा मनाशी स्वीकारले की पाकीट उलटून मागचा बारीक मजकूर वाचण्याचा कंटाळा येत नाही.

प्रश्न : दूध, मिल्क चॉकलेट आणि आइस्क्रीम पूर्ण बंद करावे का? काहींच्या मते करावे, तर काही जण सर्रास खातात.

उत्तर : दोघांचेही म्हणणे आपापल्या शरीरापुरते खरे असू शकते. दुधात अल्फा-गॅल असते, पण थोडे, आणि या आजाराच्या बहुतेक रुग्णांना दुधाचे पदार्थ चालतात. ज्यांना चालत नाहीत त्यांना प्रथम स्निग्धांश अधिक असलेले पदार्थ बाधतात : घट्ट साय घालून केलेले आइस्क्रीम, क्रीम भरलेले केक, चीजकेक. म्हणून आपल्याला मांस आणि जिलेटिन बंद केल्यानंतर काही त्रास उरला नसेल, तर दूध निष्कारण सोडू नये. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाही. त्रास उरला असेल, विशेषतः पोटदुखी आणि जुलाब असे केवळ पोटाशी निगडित त्रास होत असतील, तर पुढचा संशय दुधावर घ्यावा.

दूध टाळणे ठरलेच, तर घटकसूचीत दुधाचे घनपदार्थ, व्हे, केसिन, केसिनेट, बटरफॅट, बटर ऑइल आणि लॅक्टोज ही नावे शोधावीत. नियमानुसार दूध हा ॲलर्जीकारक पदार्थ असल्यामुळे त्याची सूचना ठळकपणे मिळते, हे येथे सोयीचे पडते. क्रीम ऑफ टार्टर आणि नारळाचे दूध यांचा जनावराच्या दुधाशी संबंध नाही, आणि गोळ्यांना आंबटपणा आणणारे लॅक्टिक ॲसिडही सहसा वनस्पतीजन्य साखर आंबवूनच केलेले असते. डार्क चॉकलेटच्या बाबतीत मात्र सावध करणे मला भाग आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डार्क चॉकलेटांची तपासणी केली तेव्हा ज्यांच्या घटकसूचीत दूध नव्हते त्यांतील निम्म्याहून अधिक नमुन्यांत दूध सापडले, कारण मिल्क चॉकलेट आणि डार्क चॉकलेट एकाच यंत्रावर पाठोपाठ बनवले जाते. ज्याला ग्लासभर दूध पचते त्याने याची चिंता करू नये. ज्याला दुधाने तीव्र त्रास होतो त्याने मात्र दुधाचा शिरकावच होत नाही अशा कारखान्यातले चॉकलेट शोधावे.

प्रश्न : काल संध्याकाळी मी चार गमी खाल्ल्या. तासभर वाट पाहिली, काही झाले नाही. आता त्या मला चालतात असे समजावे का?

उत्तर : नाही, असे समजू नये. शेंगदाण्याची किंवा अंड्याची ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत प्रकट होते, त्यामुळे ‘खाल्ले, थोडे थांबलो, काही झाले नाही’ हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला असतो. अल्फा-गॅलमध्ये त्रास सामान्यतः २ ते ६ तासांनी सुरू होतो. रात्रीच्या जेवणात खाल्लेल्या पदार्थाने मध्यरात्री किंवा पहाटे जाग येते, आणि तोपर्यंत दोष कशाला द्यावा हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

या उशिरामुळेच हा आजार इतकी वर्षे डॉक्टरांच्याही हातून निसटला. ऑस्ट्रेलियात शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी २००७ साली गोचिडीचा चावा आणि मांसाची ॲलर्जी यांचा संबंध दाखवला. अमेरिकेत सेटुक्सिमॅब या कर्करोगाच्या औषधाने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी का होते, याचा शोध घेताना थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी २००८ साली याच शर्करेपर्यंत पोहोचले. प्लॅट्स-मिल्स यांना स्वतःलाच डोंगरात भटकताना गोचिडी चावल्या आणि नंतर एका रात्री मेंढीचे मांस खाल्ल्यावर काही तासांनी त्यांच्या अंगावर गांधी उठल्या. ज्यांनी हा आजार उलगडला त्यांनाही तो घड्याळाच्या त्याच अंतराने गाठून गेला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २०१० ते २०२२ या काळात तेथे १,१०,००० हून अधिक संशयित रुग्ण आढळले, आणि पाहणीत सामील झालेल्या वैद्यकीय व्यावसायिकांपैकी ४२ टक्के जणांनी या आजाराचे नावही ऐकलेले नव्हते. आपल्या डॉक्टरांना हा आजार नवा वाटला तर त्यात त्यांची हेळसांड आहे असे मानू नये. आपल्या नोंदी घेऊन जावे आणि शांतपणे दाखवाव्यात.

दुसरी अडचण अशी की त्याच माणसाला तोच पदार्थ एका दिवशी बाधतो आणि दुसऱ्या दिवशी बाधत नाही. किती खाल्ले, त्यात स्निग्धांश किती होता, बरोबर मद्य घेतले का, आधी किंवा नंतर व्यायाम झाला का, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली का, अलीकडे पुन्हा गोचीड चावली का, यांवर प्रतिक्रियेची तीव्रता बदलू शकते. म्हणून एकदा सुटलो म्हणजे कायमचे सुटलो, असे मानणे धोक्याचे आहे. रक्तातील प्रतिपिंडांचा आकडाही पुढची प्रतिक्रिया किती तीव्र असेल हे सांगत नाही. तो केवळ निदानाला मदत करतो.

तरीही एखादा पदार्थ चालतो का हे कधीतरी पाहावेच लागते, आणि डॉक्टरांनी संमती दिली असेल तर ते पाहण्याची रीत आहे. पदार्थ सकाळी खावा, म्हणजे धोक्याचे तास झोपेत जात नाहीत. मात्रा लहान असावी, त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ, मद्य किंवा दमवणारा व्यायाम नसावा, घरी जागे व जाणते माणूस असावे, आणि एपिनेफ्रिनचे (ॲड्रेनॅलिनचे) इंजेक्शन लिहून दिलेले असेल तर ते हाताशी असावे. श्वास लागणे, घसा आवळणे, चक्कर येऊन शुद्ध हरपू लागणे, किंवा गांधींबरोबरच उलट्या सुरू होणे ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र ॲलर्जीची, लक्षणे आहेत. त्या वेळी खाज कमी करणाऱ्या गोळीची वाट न पाहता इंजेक्शन घ्यावे आणि तात्काळ रुग्णालय गाठावे. ज्यांना पूर्वी अशी तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली आहे त्यांनी मात्र ही चाचणी घरी करूच नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

प्रश्न : गोळ्यांच्या चकचकीत आवरणातील लाख, लाल रंगातील कारमाइन आणि हाडांच्या कोळशाने शुभ्र केलेली साखर यांविषयी वाचून मी घाबरलो आहे. ही सगळी टाळावी का?

उत्तर : लाख अथवा शेलॅक (९०४), कारमाइन (१२०) आणि मधमाशांचे मेण (९०१) हे तिन्ही कीटकांपासून मिळतात, सस्तन प्राण्यांचा त्यांच्याशी संबंध नाही, म्हणून अल्फा-गॅलसाठी ते टाळण्याची गरज नाही. कारमाइनची स्वतंत्र ॲलर्जी काहींना असते, पण तो निराळा विषय झाला. साखरेविषयी म्हणाल, तर उसाची साखर शुद्ध करताना काही कारखान्यांत गुरांच्या हाडांचा कोळसा गाळणीसारखा वापरतात, हे खरे आहे. मात्र तो कोळसा अतिशय उच्च तापमानाला जाळलेला असतो आणि साखर त्यातून केवळ झिरपते. अल्फा-गॅलच्या दृष्टीने साखरेची भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : घटकसूचीत ‘नैसर्गिक स्वाद’ लिहिलेले असते, ४७१ कशाचे ते कळत नाही. उत्पादकाला पत्र लिहिले तर ‘आमचे उत्पादन सुरक्षित आहे’ एवढेच उत्तर येते. नेमके काय विचारावे?

उत्तर : आपला अनुभव मलाही अनेकदा आला आहे, आणि मला वाटते की दोष बहुतेक वेळा प्रश्नाच्या घडणीत असतो. ‘यात अल्फा-गॅल आहे का?’ असे विचारले तर पत्राला उत्तर देणाऱ्या व्यक्तीला तो शब्द माहीत नसतो. ‘हे शाकाहारी आहे का?’ असे विचारले तर दूध असूनही ‘हो’ असे उत्तर येते. म्हणून प्रश्न प्राण्यांची नावे घेऊन आणि घटक मोजून विचारावा. मी पुढील मजकूर सुचवतो :

‘मला वैद्यकीय कारणास्तव सस्तन प्राण्यांपासून मिळवलेले सर्व घटक टाळावे लागतात. आपल्या अमुक उत्पादनात, त्यातील रंग, स्वाद, आवरण, स्निग्धकारक आणि प्रक्रियेत वापरलेली साहाय्यक द्रव्ये यांसह, गाय, म्हैस, डुक्कर, शेळी किंवा मेंढी यांच्यापासून मिळवलेले जिलेटिन, कोलॅजन, चरबी, ग्लिसरीन किंवा स्टिअरेट वापरले जाते का? जिलेटिन असल्यास ते कोणत्या प्राण्याचे आहे? उत्पादनात कॅराजीनन आहे का? हेच उत्पादन निरनिराळ्या कारखान्यांत निरनिराळ्या घटकांनी तयार होते का?’

उत्पादनाचे पूर्ण नाव, वजन, पाकिटावरील तुकडी क्रमांक आणि उत्पादनाचा देश पत्रात नमूद करावा. स्वादांविषयी विचारणे निरर्थक नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार ‘नैसर्गिक स्वाद’ या एका शब्दाखाली मांस किंवा दूध यांपासून मिळवलेले द्रव्यही येऊ शकते. गोड पदार्थांत मांसाचा स्वाद क्वचितच असतो, दुधाचा असू शकतो. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाच नावाची गमी एका देशात डुकराच्या, दुसऱ्यात गुरांच्या जिलेटिनची आणि तिसऱ्यात पेक्टिनची असू शकते, आणि पाकिटाचे चित्र मात्र तिन्हीकडे तेच असते. त्यामुळे परदेशाहून कोणी खाऊ आणला तर घरच्या अनुभवावर भरवसा ठेवू नये.

आलेले उत्तर तारखेसह जपून ठेवावे आणि वर्षभराने पुन्हा विचारावे. कच्चा माल बदलला की उत्पादक घटकसूची बदलतो, पण पुढची बाजू तशीच ठेवतो. अनेक वर्षे निर्धास्तपणे खाल्लेल्या बिस्किटाचे नवे पाकीट उलटून पाहिले आणि वनस्पती-तेलाच्या जागी प्राणिज चरबी लिहिलेली आढळली, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून माझा आग्रह आहे की ओळखीचे पाकीटही प्रत्येक खरेदीच्या वेळी वाचावे, आणि लहान पाकिटांचा मोठा संच घेतला तर आतील पाकिटावरचा मजकूरही वाचावा. सुट्या गोळ्या, ज्यांच्याबरोबर घटकसूची येतच नाही, त्या तीव्र त्रास असलेल्यांनी घेऊच नयेत.

प्रश्न : जीवनसत्त्वांच्या गमीलाही हेच नियम लागू होतात का?

उत्तर : होतात, आणि तिथे दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक असते, कारण औषध म्हणून दिलेला पदार्थ कोणी खाऊसारखा पारखत नाही. जीवनसत्त्वांच्या गमीत जिलेटिन असते, किंवा ती पेक्टिनवर केलेली असते. घटकसूचीच्या शेवटी ‘इतर घटक’ या शीर्षकाखाली ते सापडेल. मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, आणि शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मऊ कॅप्सूलांत त्याऐवजी कॅराजीनन वापरतात, त्यामुळे ज्यांना कॅराजीनन बाधते त्यांनी तेही तपासावे. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र केवळ आवरणाच्या शंकेवरून परस्पर बंद करू नये. औषधविक्रेत्याला तेच औषध दाबून केलेल्या गोळीच्या, पातळ औषधाच्या किंवा सेल्युलोजच्या कॅप्सूलच्या स्वरूपात मिळते का, ते विचारावे आणि बदल डॉक्टरांच्या संमतीने करावा.